ओट्यामागचा आरसा

मलेशियातल्या इपो शहराच्या कडेला, मेंगलेंबूच्या मोठ्या रस्त्यावर माझं काचेचं दुकान आहे. आधी बाबांचं होतं. त्यांच्या माघारी मी चालवते, त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. माझं नाव सूक हान, पण त्या नावाने हाक मारणारी माणसं इपोमध्ये फारशी उरली नाहीत. गिऱ्हाइकं मला ‘लेडी बॉस’ म्हणतात आणि काच बसवणारा सेल्वम नुसतं ‘बॉस’ म्हणतो.

चिनी नववर्षाला दोन महिने उरले की सगळ्या गावाला एकदम आपापल्या स्वयंपाकघराची लाज वाटायला लागते. टाइल्सच्या फटींत बसलेलं तेल कितीही घासलं तरी निघत नाही. म्हणून लोक आताशा टाइल्स उखडून ओट्यामागे अखंड काच लावून घेतात. एकदा फडकं फिरवलं की भिंत स्वच्छ. त्या दोन महिन्यांत मला जेवायला फुरसत नसते.

अशाच एका सकाळी यिप मंडळी दुकानात आली. यिप अंकल, त्यांची बायको साऊ पेंग आंटी आणि अंकलची थोरली बहीण क्वाय लिन. आंटीला मी ओळखत होते. बाजारामागच्या कॉफीच्या दुकानात भाड्याने घेतलेला तिचा नूडल्सचा गाळा होता आणि शाळेत असल्यापासून मी तिथे खात आले होते. गाळा बंद झाल्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती. क्वाय लिनताई चिनी शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी समोरच्याने वहीवर रेघ नीट मारली की नाही अशाच नजरेने बघायच्या. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या आणि रविवारी जेवायला तिकडेच असायच्या.

अंकल म्हणाले, “स्वयंपाकघर नवं करतोय. हिला हवं तसं. ही बोट ठेवेल ती काच.”

आंटी नमुन्यांच्या रॅककडे गेली. दुधी काच, पिस्ता, आकाशी, फिकट राखाडी, सगळ्यांवरून तिने नुसती नजर फिरवली आणि शेवटच्या तुकड्यावर हात ठेवला. तो चहाच्या रंगाचा आरसा होता.

“हा.”

“आंटी, हा आरसा आहे,” मी म्हटलं. “ओट्यामागे बहुतेक लोक रंगीत काच घेतात.”

ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. “माहीत आहे. हाच.”

“आरसा?” क्वाय लिनताई पुढे आल्या. “शेगडीसमोर? वेड लागलं का तुला? एका ज्योतीच्या दोन दिसतील. आग दुप्पट, घरात भांडणं दुप्पट.”

“काही जण म्हणतात, ताटं पण दुप्पट दिसतात,” अंकल म्हणाले. “म्हणजे घरात बरकत येते.”

“कोण म्हणतं?”

“टीव्हीवर एक जण सांगत होता.”

“मग त्याच्याच घरी जाऊन राहा. आणि चुलीच्या देवाचं काय? त्याच्या तोंडासमोर दुसरी आग नाचवणार? वर्षाच्या शेवटी वर स्वर्गात जाऊन आपल्या घराबद्दल काय सांगेल तो?”

“सांगेल की आरसा लावलाय,” अंकल हळूच म्हणाले. मला हसू आलं. क्वाय लिनताईंना आलं नाही.

मी माझ्या धंद्यापुरतं बोलले. शेगडीच्या बरोबर मागे साधा आरसा मीही लावत नाही. उष्णतेने मागचा मुलामा करपतो, काळे डाग पडतात, कधी सरळ तडा जातो. तिथे भट्टीतून काढलेली टफन काचच हवी.

“बघ!” ताई म्हणाल्या. “लेडी बॉससुद्धा तेच सांगतायत.”

“माझं कारण वेगळं आहे, ताई.”

“कारण कुठलं का असेना.”

आंटीने आरशावरचा हात काढला नाही. शेवटी मी म्हटलं, आधी माप घ्यायला येते, मग ठरवू.

बुधवारी सेल्वमला घेऊन त्यांच्या घरी गेले. रांगेतलं घर, मागच्या बाजूला वाढवलेलं स्वयंपाकघर. नवा ओटा, कपाटं, शेगडी, वरची चिमणी, सगळं बसलं होतं. फक्त ओट्यामागची भिंत उघडी होती. काचेचं माप सगळ्यांत शेवटी घ्यायचं असतं, कारण टफन काच एकदा भट्टीतून आली की केसाइतकीही कापता येत नाही. प्लगची भोकंसुद्धा आधीच पाडून घ्यावी लागतात. चूक झाली की अख्खी काच भंगारात.

आंटी शेगडीपाशी उभी राहून आलं परतत होती. डोक्यावर चिमणी घोंघावत होती. मी डाव्या टोकापासून टेप लावला. इतक्यात अंकल दारात येऊन उभे राहिले. दार आंटीच्या पाठीमागे, जरा डावीकडे होतं.

“साऊ पेंग,” ते म्हणाले, “लेडी बॉसना कॉफी देऊ का? आणि मी म्हणत होतो, प्लग जरा अलीकडे घेऊ. तुला काय वाटतं?”

आंटी परतत राहिली.

अंकल थांबले. मग माझ्याकडे बघून हसले. चारचौघांत अपमान झाल्यावर माणूस हसतो तसं. “बघितलंत?” एवढंच म्हणून ते निघून गेले.

मला अवघडल्यासारखं झालं. नवराबायकोच्या अबोल्यात आपण टेप धरून उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. मी मान खाली घालून आकडे लिहीत होते, तेवढ्यात सेल्वमच्या हातून लेव्हल निसटली. सपाटी तपासायची, चांगली हातभर लांब लोखंडी लेव्हल. नव्या फरशीवर अशी आदळली की मी दचकून जीभ चावली.

आंटीचा झारा थांबला नाही. खांदासुद्धा हलला नाही.

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं काच घासायच्या चाकापाशी काढली होती. शेवटची दहा वर्षं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. कुठली पाठ ऐकून गप्प आहे आणि कुठल्या पाठीला ऐकूच येत नाहीये, हे मला चांगलं कळतं. मी वळसा घालून तिच्या बाजूला गेले आणि तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेली लेव्हल पाहिली आणि गॅस बंद केला.

“कळलं तुला,” ती म्हणाली.

“डावा कान गेलाय का?”

“डावा गेलाच. उजव्याने थोडं येतं, पण ही चिमणी चालू असली की काहीच नाही.” तिने हात पुसले. “सव्वीस वर्षं गाळ्यावरचा पंखा डाव्या कानाशी फिरत होता. तिथे सगळेच ओरडतात गं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मी तोंडं बघून ऑर्डर घ्यायचे. कोरड्या नूडल्स, सूप वेगळं, मिरची जास्त, हे सगळं मला ओठांवरून कळतं. घरात बसल्यावर खरा घोळ झाला.”

“अंकलना सांगितलं नाही?”

“कुणालाच नाही. माझी आई बहिरी झाली होती. सगळे तिच्या समोर बसून तिच्याबद्दल बोलायचे. जणू ती खुर्ची आहे. मीसुद्धा बोललेय.” ती जरा थांबली. “आणि होंगची, तुझ्या अंकलची, सवय तुला माहीत नाही. आयुष्यभर दारात उभा राहूनच बोलतो. कधी वळून बघावं तर तिथे असतो, तोंड मिटलेलं. काही म्हणाला का, असं विचारलं तर लगेच कळेल त्याला. म्हणून मी विचारत नाही. हल्ली तर तो बोलतच नाही बहुतेक.”

“म्हणून आरसा.”

“आरसा असला की दार दिसेल. तोंड दिसलं की मला पुरे. तू सांगू नकोस हं कुणाला.”

मी हो म्हटलं. त्या क्षणी दुसरं काय म्हणणार?

मग आम्ही कामाला लागलो. शेगडीमागे आरसा लावता येत नव्हता, तेव्हा तो कुठे लावला म्हणजे शेगडीशी उभ्या असलेल्या बाईला दारातलं तोंड दिसेल, हे शोधायचं होतं. नमुन्याचा तुकडा घेऊन मी तो भिंतीवर इंच इंच सरकवत गेले. सेल्वम जाऊन दारात उभा राहिला. त्याने काहीही विचारलं नाही. अठरा वर्षं माझ्याकडे आहे, लोकांच्या घरांत काय पाहायचं आणि काय नाही ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

“आता?”

“नुसता खांदा दिसतोय.”

“आता?”

“हनुवटी. अजून थोडं. हां, इथे! इथे दिसतोय पूर्ण.”

शेगडीच्या डाव्या कडेपासून वीतभर अंतर सोडून पुढे आरसा सुरू केला तर जमत होतं. आंटीने सेल्वमला खूण केली की काहीतरी बोल, पण आवाज काढू नकोस. सेल्वमने आरशात बघून नुसते ओठ हलवले.

आंटी खळखळून हसली. “भूक लागली असेल तर जेवून जा की!”

सेल्वम लाजला. त्याने खरंच ‘भूक लागली’ असं म्हटलं होतं.

निघताना अंकलनी मला पुढच्या पोर्चमध्ये थांबवलं. स्टुलावर कॉफीचे दोन ग्लास ठेवले होते. मला वाटलं प्लगचं विचारतील.

“तुमच्यासमोर असं झालं, वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले. “दोन वर्षं असंच आहे. चूक माझीच होती. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती इस्पितळात होती. कॉफीच्या दुकानाचा मालक म्हणाला, गाळा ठेवणार की सोडणार ते आजच्या आज सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मी सोडतो म्हणून सांगितलं. तिला विचारलं नाही. तिचा गाळा, तिची सव्वीस वर्षांची मेहनत, आणि सोडून आलो मी.”

“त्यांना सांगितलंत ना नंतर?”

“गाळा गेला हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण चुकलं माझं, हे मी किती वेळा सांगितलं! ती स्वयंपाक करत असते, मी दारात उभा राहून सांगतो. एकदा रडलोसुद्धा, खोटं कशाला बोलू? ती वांगी चिरत राहिली. एक शब्द नाही.”

मी म्हटलं, “अंकल, समोर बसून बोलायचं होतं.”

“समोर बसून असलं कुणी बोलतं का?” ते म्हणाले. “पाठ असली की बरं पडतं.”

मी ग्लास खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. सेल्वमने विचारलं, “बॉस, माप बरोबर आलं ना?” मी हो म्हटलं. ते बरोबर नव्हतं, पण ते पुढे कळलं.

दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वचन दिलं होतं म्हणून अंकलना सांगता येईना, आणि त्यांचं बोलणं आंटीला जाऊन सांगावं तर तीही चुगलीच. बाबा असते तर म्हणाले असते, तू काच विकतेस ना, मग काच वीक.

शुक्रवारी क्वाय लिनताईंचा फोन आला. “लेडी बॉस, ठरलं. आरसा नको. पिस्ता रंगाची काच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वेंग होंगला मी समजावलंय.”

“आंटी काय म्हणाल्या?”

“ती काय म्हणणार? हल्ली ती कशालाच काही म्हणत नाही.”

सोमवारी कारखान्यात ऑर्डर जाणार होती. त्यानंतर बदल करता येत नाही. रविवारी दुपारी मी दोन्ही नमुने घेऊन सरळ त्यांच्या घरी गेले. तिघं जेवायला बसली होती. वाफवलेला मासा, मोड आलेल्या मुगाबरोबर कोंबडी, सूप. अंकलनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, आंटीने वाडगा आणला. अंकल नेहमीप्रमाणे तिच्या शेजारी बसले होते, म्हणजे तिच्या डाव्या कानाशी. क्वाय लिनताई समोर.

मी म्हटलं, “उद्या ऑर्डर द्यायची आहे. शेवटचं विचारायला आलेय.”

“फोनवर सांगितलं की,” ताई म्हणाल्या.

“ओट्याशी जी उभी राहते तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काच कापायला पाठवत नाही. आमच्या दुकानाचा नियम आहे.” असा काही नियम नव्हता. मी तो त्याच वेळी केला.

आंटी माझ्या ओठांकडे बघत होती. तिने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

“आरसा,” ती म्हणाली.

“अगं साठी उलटली तुझी!” ताईंनी हात झटकला. “आता या वयात आरशात काय बघायचंय? कोण येणारे बघायला? कांदा चिरताना केस नीट दिसायला हवेत का?”

अंकल तिच्या शेजारून काहीतरी पुटपुटले. बहुधा ताईंना गप्प करायला. आंटीला ते कळलंच नाही, पण ताईंचे शब्द मात्र तिने एकूण एक पाहिले होते. तिचा चेहरा लाल झाला.

“मला ऐकू येत नाही,” ती म्हणाली.

“ऐकू येत नाही म्हणजे? मी एवढ्या मोठ्याने सांगतेय की—”

“कानांनी ऐकू येत नाही, ताई. डावा कान गेलाय. उजवाही जाईल. मागून कुणी बोललं तर मला कळत नाही. मागे कुणी आहे हेही कळत नाही. आरसा मला माझं तोंड बघायला नकोय, तुमची बघायला हवाय.”

आंटी सोडून सगळ्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली असेल.

“कधीपासून?” ताईंनी विचारलं. एवढ्या मोठ्याने, की शेजारचं कुत्रं भुंकलं.

“ओरडू नका. समोर बसल्यात तर कळतं मला. तीन वर्षं झाली असतील.”

अंकल उठले. ओट्याशी गेले, नळ सोडला आणि एक धुतलेलाच वाडगा पुन्हा धुतला. बराच वेळ. मग परत आले, शेजारची आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि ती ताईंच्या बाजूला, आंटीच्या बरोबर समोर ठेवून बसले.

“म्हणजे मी बोललो ते तुला काहीच...” त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “गाळा मी तुला न विचारता सोडला. विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

आंटी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “गाळा? दोन वर्षं तू गाळ्याचं घेऊन बसलायस?”

“तू बोलत नव्हतीस माझ्याशी!”

“तू बोलत नव्हतास! रोज येऊन दारात उभा राहायचास आणि निघून जायचास. मला वाटलं, गाळा गेला, चार पैसे यायचे बंद झाले, आता याला माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही.”

“मी बोलतच होतो!”

“माझ्या पाठीशी!”

“मग कुणाशी? तू ओट्यापाशीच असायचीस!”

क्वाय लिनताई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जाववतही नव्हतं.

आंटीचा आवाज खाली आला. “गाळ्याचा राग आला होता मला. महिनाभर होता. मग एक दिवस बाजारातून पिशवी घेऊन चालत आले आणि गुडघा असा धरला की रस्त्यातच बसले. तेव्हा म्हटलं, चौदा तास उभी कुठून राहणार होते मी? सोडायचं माझ्या तोंडून निघालं नसतं. तू सोडलास ते बरं केलंस. पण विचारायला हवं होतंस, तेही खरं.”

“मग मी रडलो तेव्हा...”

“कधी रडलास?”

“जाऊ दे.”

“कधी रडलास, होंग?”

“वांगी होती त्या दिवशी,” अंकल म्हणाले.

तिने आठवायचा प्रयत्न केला. तिला आठवेना. या घरात वांगी आठवड्यातून दोनदा होतात. तिने हात पुढे करून त्यांची बाही धरली, बस. त्यापलीकडे त्या दोघांनी आमच्यासमोर काही केलं नाही.

क्वाय लिनताईंनी कोंबडीची तंगडी उचलून आंटीच्या वाडग्यात ठेवली. ताटातली तंगडी त्या घरात नेहमी ताईंना जायची, हे मला नंतर कळलं. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण म्हणाल्या ते माझ्याशी. “लेडी बॉस, ज्योत दिसणार नाही असा बसवता येतो का आरसा?”

मी सांगितलं, येतो. शेगडीमागे पिस्ता रंगाची टफन काच, आणि डावीकडे वीतभर सोडून पुढे आरसा. चुलीच्या देवाचा देव्हारा उजव्या टोकाला आहे, तिथे आरसा पोचतच नाही.

“दाखवा.”

जेवण तसंच ठेवून सगळे ओट्याशी गेलो. मी तुकडा भिंतीला धरला. ताईंनी चष्मा लावला, शेगडी पेटवली, वाकल्या, देव्हाऱ्याच्या उंचीवर डोळे आणून बघितलं, मग दारात जाऊन बघितलं. तीन वेळा.

“नाही दिसत,” त्या शेवटी म्हणाल्या. “चालेल. आणि साऊ पेंग, उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर.”

“तुम्ही नका येऊ, ताई. होंग येईल.”

“मी येते म्हटलं ना.”

“आणि मी नको म्हटलं.”

ताईंनी भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं.

नववर्षाच्या नऊ दिवस आधी काच बसवली. आरसा बसला, पण पिस्ता काचेतलं प्लगचं भोक तीन मिलिमीटर सरकलेलं निघालं. त्या बुधवारी माझं लक्ष कुठे होतं ते मलाच माहीत होतं. दुसरी काच करून द्यायला वेळ नव्हता, म्हणून जरा रुंद चौकट लावून फट झाकली. ती अजून तशीच आहे. इतर कुणाला दिसत नाही, मला दिसते.

डॉक्टरांनी आंटीला दोन्ही कानांना यंत्रं दिली. डाव्याचा फार उपयोग नाही, उजव्याने बराच फरक पडला. टीव्ही कळतो, फोनवर मुलीचं बोलणं अर्धं कळतं. पण स्वयंपाकघरात ती यंत्रं काढून ठेवते. चिमणीचा आवाज डोक्यात घुसतो, आणि वाफेने यंत्र बिघडेल ही धास्ती. तिथे आरसाच लागतो. त्यावर तेलाचे शिंतोडे उडतात आणि रोज पुसावे लागतात, अशी तक्रार तिने मला दोनदा केली. मी म्हटलं, त्याला माझ्याकडे इलाज नाही. कोमट पाणी, थोडा व्हिनेगर आणि जुना बनियन.

नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि सेल्वमला जेवायला बोलावलं. मी संत्री घेऊन गेले. आंटी ओट्याशी उभी राहून छोटे मासे तळत होती. शेजारी ताटलीत तळलेल्यांचा ढीग होता. अंकल दारात आले, थांबले. आंटीची मान वर होईपर्यंत थांबले, आणि तिने आरशात पाहिल्यावर मगच बोलले, “पाहुणे आलेत.”

“आले तर बसव त्यांना. आणि तो मासा खाली ठेव.”

“कुठला मासा?”

“डाव्या हातातला.”

अंकलचा हात पाठीमागे होता, पण मघाशी ताटलीतून मासा उचलताना तो तिला आरशात दिसला असणार. त्यांनी तो पुढे आणला. अर्धा मासा खाऊन झाला होता.

“पस्तीस वर्षं,” आंटी माझ्याकडे वळून म्हणाली, “पस्तीस वर्षं मला वाटत होतं की मासे तळले की कमी होतात!”

“एखाददुसरा घेतो गं.”

“काल चार घेतलेस. परवा पाच. मी मोजलेत.”

“नवऱ्याने घरात मासा खायचा नाही का?”

“टेबलावर बसून खा ना!”

“टेबलावर गार होतात!”

आतल्या खोलीतून क्वाय लिनताई ओरडल्या की सणाच्या दिवसांत भांडू नका. अंकलनी तोंड आरशाकडे करून ओठ हलवले. आवाज काढला नाही. काय म्हणाले ते मला कळलं नाही, पण आंटी एवढी हसली की तिला गॅस बारीक करावा लागला. ताई पुन्हा ओरडल्या, काय झालं, काय झालं. दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. सेल्वमला बहुतेक कळलं होतं, तो जमिनीकडे बघत होता. मी ताटली उचलली आणि मासे गरम आहेत तोवर टेबलावर नेऊन ठेवले.